ओप्पिगे

बुधवारी तीन ते चार,
शरीरशास्त्राच्या हॉलमध्ये माझा तास.
फॉर्मलिनचा वास पडद्यांतून जात नाही
आणि विषयाचं नाव वेळापत्रकाच्या चौकटीत मावत नाही,
म्हणून कारकुनानं लिहिलंय : गोष्टीच्या बाई.

तीस वर्षं मी बेळगावात मराठी शिकवलं,
समास, अलंकार, संदर्भासह स्पष्टीकरण.
आता ह्या पोरांना शिकवायचं
दुसऱ्याचं दुखणं
आपल्या अंगावर घेऊन कसं बघायचं.
पहिल्या बाकावरची मृण्मयी तेवढंही लिहून घेते,
दोन रंगांत, खाली रेघ मारून.
शेवटच्या बाकावर रुद्रगौडा झोपतो,
डोकं वहीवर,
वही कवटीच्या खोक्यावर.

आजची गोष्ट होती
बायकोला दवाखान्यात आणलेल्या माणसाची.
त्याच्या हातात शेवटपर्यंत एक पिशवी असते
आणि तिच्यात काय, ते कुठंच सांगितलेलं नसतं.
चाळीस झेरॉक्स काढल्या होत्या.

त्या काखेत मारून येताना
वॉर्डाच्या दारात एकानं अडवलं.
मष्णू, जांबोटीकडचा.
हातात कागद,
एका बाजूनं कानडी, एका बाजूनं इंग्लिश.
"बाई, ह्ये तेवढं वाचून दावा की."
मला येतं कानडी.
आयुष्यभर भाजी त्याच भाषेत घेतली,
भांडले त्याच भाषेत.
मी घड्याळ बघितलं.
"सिस्टरला विचारा," म्हटलं,
आणि सहवेदना शिकवायला
जिना भरभर चढले.

"पिशवीत काय असेल?"
रिपोर्ट, म्हणाली मृण्मयी.
भाकरी. पैसे. काहीच नसेल, मॅडम.
आणि मला आठवलं,
त्याच्याही हातात पिशवी होती.

हे सांगायचं ठरवलं नव्हतं.
सांगून टाकलं.
पंखा फिरत राहिला.
मृण्मयीनं पेनाला टोपण लावलं.
"मीपण बघितलं होतं त्याला," म्हणाली, खाली बघत.
मागून डोकं वर आलं,
गालावर वहीच्या तारेचे वळ.
"अजून हाय काय तो तिथं?"
उत्तराची वाट न बघता रुद्रगौडा गेला.
सौंदत्तीचा पोरगा,
त्याच्या मराठीत
खुर्चीला मिशा असतात आणि टेबलाला वेणी.

मी पुढचं पान उलटलं नाही.

चारला दहा कमी असताना तो आला.
"सगळं सांगितलो, मॅडम.
पिशवी काढणार, गर्भाचं. भूल देणार. रक्त लागेल.
माझी मराठी ऐकून हसला पण.
खालच्या एका शब्दाला अडला.
ओप्पिगे.
मी मोठ्यानं वाचलो, तर म्हणाला,
ओपायचं? बायकोला ओपून टाकायचं तुमच्याकडं?
सही नाही करत म्हणूलाय."

ओपणे : देऊन टाकणे, हवाली करणे.
हा शब्द मी फळ्यावर लिहिलाय,
पुढं कंसात 'जुना' असं.
तो जिन्याखाली उभा होता,
जांबोटीच्या माणसाच्या तोंडात,
धडधाकट.

"मग तू काय सांगितलंस?"
"म्हटलो, तसं नाही, मान्य हाय असं लिहायचं.
तर म्हणाला, मान्य कुठं हाय मला?
इलाज नाही म्हणून करूलोय.
तसं लिहायला जागा हाय काय बघा."
"मग?"
"जागा नाही, मॅडम. मी दोन्ही बाजू बघितलो."

कुणी हसलं नाही.
शिपाई दारात किल्ल्या वाजवत होता.

"मग बसलो जवळ.
थोड्या वेळानं तोच म्हणाला,
सही सकाळी करतो.
आज तिला विचारतो.
तिला कुणी विचारलंच नाही अजून."

मी झेरॉक्स गोळा करायला लागले,
बाकावर ठोकून कडा सारख्या केल्या,
हातांना काहीतरी हवं होतं.
वही मिटलेली ठेवून मृण्मयीनं विचारलं,
"पिशवीत काय होतं रे त्याच्या?"

"चपला," तो म्हणाला.
"तिच्या.
घरी जाताना लागतील म्हणून."